खानाला ठाऊक नव्हतं, आपल्याला आहे

लोणावळ्याहून आयएनएस शिवाजीच्या बाजूनं कुरवंडे गावाकडे या. गाव मागे पडलं की नागफणीचा सुळका दिसतो आणि थोडं पुढे गेलात की पायाखालची जमीनच संपते. मावळ तिथं थांबतं. खाली खोल कुठेतरी कोकण पसरलेलं असतं, झाडीनं भरलेलं, निळसर, गप्प. वाऱ्यानं टोपी उडते ती थेट दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन पडते.

आता फेब्रुवारी १६६१ च्या सुरुवातीचा एक दिवस डोळ्यांसमोर आणा. शाहिस्तेखान पुण्यात तळ देऊन बसला आहे. उत्तर कोकण ताब्यात घ्यायला त्यानं कारतलबखान नावाचा सरदार पाठवला आहे. सोबत मोठी फौज, घोडी, सामानसुमान, आणि माहूरकडची एक नामांकित सेनानी, रायबागन. बोरघाटाची मळलेली वाट सोडून खान कुरवंड्याच्या वाटेला लागतो आणि इथून खाली उतरू लागतो. वाट चिंचोळी, झाडी दाट. तळाशी उंबरखिंड. दोन्ही अंगांच्या रानात शिवाजी महाराजांचे मावळे दबा धरून बसलेत. खानाची फौज आत येत राहते, येत राहते, आणि रान मात्र काहीच बोलत नाही.

हा प्रसंग तुम्हाला सिनेमाची सुरुवात म्हणून लिहायला दिला, तर पहिल्या पानावर काय लिहाल?

प्रश्न साधा दिसतो, पण थरारपटाच्या पटकथेचं सगळं इंगित त्यात दडलेलं आहे. बहुतेकांचं उत्तर असतं: रणशिंग, बाणांचा वर्षाव, उधळलेली घोडी. प्रेक्षक दचकलाच पाहिजे! तो दचकेलही. पण दचकणं किती टिकतं? दहा सेकंद. अकराव्या सेकंदाला तो विचारतो, हे कोण, ते कोण, कुणाला कशासाठी मारतायत? आणि मग लेखकाला लढाई थांबवून सगळं समजावत बसावं लागतं.

दुसरं उत्तर शहाण्या माणसाचं असतं. पुण्यापासून सुरू करू, खानाला हुकूम मिळताना दाखवू, मग फौज निघेल, मुक्काम पडतील, घाट येईल. क्रम चोख आहे. पण फौज चालते आहे, चालते आहे, एक शिपाई वहाणेचा बंद बांधायला वाकतो, पुन्हा चालू लागतो, आणि तिसऱ्या मिनिटाला प्रेक्षक जांभई देतो.

आता गंमत बघा. या दुसऱ्या आवृत्तीतलं एक अक्षरही बदलू नका. फक्त तिच्या आधी एक छोटा तुकडा जोडा. कारवीच्या झुडपामागे एक हात. हातात धनुष्य. खालून घोड्यांच्या टापा ऐकू येतात. हात स्थिर. बस्स.

आणि मग तोच शिपाई वहाणेचा बंद बांधायला वाकतो.

काय झालं? अंगावर काटा आला! शॉट तोच, नट तोच, सेकंदही तेवढेच. पडद्यावर काडीचा फरक नाही. फरक पडला तो खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोक्यात. मघाशी जे रटाळ होतं ते आता असह्य झालं, कारण आपल्याला एक गोष्ट ठाऊक आहे आणि त्या वाकलेल्या शिपायाला ती ठाऊक नाही. अरे बाबा, बंद कसला बांधतोस, वर बघ!

आल्फ्रेड हिचकॉकनं १९६२ मध्ये फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत हेच टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण देऊन समजावलं होतं. दोघं जण गप्पा मारतायत आणि अचानक स्फोट होतो: प्रेक्षकाच्या वाट्याला पंधरा सेकंदांचा धक्का. पण बॉम्ब आधीच दाखवला, घड्याळही दाखवलं, की त्याच फालतू गप्पांमधून पंधरा मिनिटांची घालमेल मिळते. पंधरा सेकंद आणि पंधरा मिनिटं! एकाच दारूगोळ्यातून साठपट काम.

म्हणून पटकथा लिहायला बसलेला माणूस सुरुवातीचा वेग वाढवायला जेव्हा जास्त घटना कोंबतो, तेव्हा मला हळहळ वाटते. वेग घटनांमध्ये नसतोच. प्रेक्षकाला काय कळलंय आणि पात्राला काय कळलेलं नाही, या दोहोंमध्ये जे अंतर पडतं त्यात तो असतो. अंतर पाडा, मग घोडी कितीही सावकाश चालू द्या.

ही झाली गोष्टीची बाजू. आता कागदाची जादू बघा, कारण पटकथा आधी वाचली जाते, मग दिसते. चित्रपटाच्या धंद्यात एक ढोबळ हिशेब चालतो: पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. समजा मी लिहिलं की पहाटेच्या धुक्यात खानाची फौज घाटमाथ्यावर येते, पुढचा घोडा दरी पाहून बिचकतो आणि स्वारानं टाच मारली तरी हलत नाही. सगळं एका वाक्यात उरकलं. वाचणाऱ्यानं ते दोन सेकंदांत गिळलं आणि पुढे गेला. आता हे वाचा:

घाटमाथा. पहाट.

धुकं.

घोड्याच्या नाकातून वाफ.

घोडा थबकतो.

खाली दरी.

स्वार टाच मारतो.

घोडा हलत नाही.

शब्द किती कमी! पण त्यांनी जागा किती अडवली? पानाचा मोठा तुकडा. आणि पान म्हणजे मिनिट, म्हणून पडद्यावरचा वेळही तेवढाच वाढला. याचा अर्थ लक्षात येतोय ना? कोऱ्या जागेनं शांतता लिहिता येते! दोन ओळींमधला पांढरा पट्टा म्हणजे न बोललेला क्षण. वाचणाऱ्याचा डोळा मात्र अडखळत नाही, तो पायऱ्या उतरावा तसा भराभर खाली घसरतो. प्रसंग संथ आणि वाचन वेगवान, दोन्ही एकाच वेळी. प्रत्येक ओळ हा मनातल्या मनात एक वेगळा शॉट होतो, आणि ‘कॅमेरा इथून तिथे’ असं एकदाही लिहावं लागत नाही.

पुढचा प्रश्न अवघड आहे. ताण धरून किती वेळ ठेवायचा? धनुष्याची दोरी ओढली, पण कायम ओढलेली राहिली तर हात भरून येतो, प्रेक्षकाचाही.

ऑर्सन वेल्सनं १९५८ मध्ये ‘टच ऑफ ईव्हिल’मध्ये याचं उत्तर एका अखंड शॉटमध्ये देऊन ठेवलं. साडेतीन मिनिटांहून थोडा कमी वेळ, मधे एकही कट नाही. अगदी सुरुवातीला कुणीतरी बॉम्बचं घड्याळ लावतं आणि तो बॉम्ब एका गाडीच्या डिकीत ठेवतं. गाडी मेक्सिको आणि अमेरिकेच्या सीमेवरच्या गावातून निघते. आता कॅमेरा त्या गाडीला चिकटून राहील असं वाटतं ना? नाही! तो तिला सोडून देतो आणि पायी चाललेल्या एका नवपरिणीत जोडप्याबरोबर फिरू लागतो. गाडी मागे पडते, पुन्हा शेजारी येते, गर्दीत अडकते, पुढे जाते. जोडपं आणि बॉम्ब यांच्यातलं अंतर कमी होतं, वाढतं, कमी होतं. ताण सुटत नाही, पण सैल होतो आणि पुन्हा आवळला जातो. कळस म्हणजे सीमेच्या चौकीवर गाडीतली बाई तक्रार करते की आपल्या डोक्यात टिकटिक वाजते आहे. कुणी लक्ष देत नाही. आपण मात्र खुर्चीचा हात घट्ट धरलेला असतो.

वेल्सनं घड्याळ दाखवलं होतं. उंबरखिंडीत घड्याळ कुठून आणणार?

नागफणीच्या कड्यावरून खालच्या उतारांकडे बघताना मला याचं उत्तर सुचलं, आणि तेव्हापासून ही लढाई मला पटकथेसारखीच दिसते. घड्याळ म्हणजे ती फौजच! लांबच लांब रांग, अरुंद वाटेनं एकामागे एक उतरणारी. रांगेचं तोंड खिंडीत पोचलंय, शेपूट अजून घाटात आहे. शेपूट आत येत नाही तोवर वार करायचा नाही, कारण लवकर केला तर मागचे माघारी पळतील. म्हणजे प्रत्येक पाऊल हा त्या घड्याळाचा एक ठोका. कॅमेरा एकदा वर नेऊन रांग दाखवा, थोड्या वेळानं पुन्हा दाखवा. शेपूट आखूड झालेलं. काट्याची जागा बदललेली. संवादाचा एक शब्द खर्च न करता प्रेक्षकाला किती वाजले ते कळलं. निसर्गानं, भूगोलानं आणि एका सेनापतीच्या संयमानं मिळून एवढं अचूक यंत्र तयार करावं, याचं नवल मला अजून ओसरत नाही.

आणि मधेच दोरी सैल करायला एखादा ससा झुडपातून उडी मारून वाटेवर येऊ द्या. तलवारी उपसल्या जातात, मग सगळे हसतात, तलवारी म्यानात. रांग पुन्हा चालू लागते. ते हसले, आपण हसलो नाही.

सशावरून आठवलं. श्रीराम राघवन यांचा ‘अंधाधुन’ २०१८ मध्ये आला, गोष्ट पुण्यात घडते. सुरुवातीला काय दिसतं? कोबीचं शेत, एका डोळ्यानं आंधळा ससा, आणि त्याच्या मागावर असलेला बंदूकवाला. पियानो वाजवणारा नायक नाही, खून नाही, पुणंही नाही. मग चित्रपट त्या सशाला सोडून देतो आणि आपणही विसरतो. शेवटाकडे तो तुकडा जागेवर येऊन बसतो तेव्हा आपण मनातल्या मनात सगळा सिनेमा उलटा फिरवून बघतो. इथं प्रेक्षकाला पात्रांहून जास्त माहिती दिलेली नाही, उलट कमीच दिली आहे, पण एक खूण हातात ठेवली आहे. ती खूण खिशात खडा राहावा तशी टोचत राहते.

त्यांच्याच ‘बदलापूर’ची (२०१५) सुरुवात याहून धाडसी वाटते मला. पुण्यातला एक रस्ता. कॅमेरा जागचा हलत नाही. लोक येतात, जातात, बँक, दुकानं, गाड्या, रोजचं आयुष्य. कुठे बघायचं ते कुणी सांगत नाही. पण मनुष्यस्वभाव असा विलक्षण की हलता कॅमेरा आपल्याला निवांत करतो आणि थांबलेला कॅमेरा बेचैन. हा का बघतोय इकडे? काहीतरी होणार आहे! आपणच बॉम्ब शोधू लागतो. आणि मग बँकेतून दरोडेखोर बाहेर येतात, आणि त्यांच्या वाटेत एक आई आणि तिचं लहान मूल सापडतं. वेल्सनं बॉम्ब दाखवून जे साधलं, ते इथं नुसतं रोखून बघण्यानं साधलं.

मराठीनं हा खेळ फार आधी खेळला आहे, हे आजच्या लिहिणाऱ्यांनी विसरू नये असं मला मनापासून वाटतं. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ १९६४ चा. दोनच वर्षांत राज खोसलांनी त्यावरून ‘मेरा साया’ केला. त्या हिंदी चित्रपटाची सुरुवात आठवा. परदेशातून धावत आलेल्या नवऱ्याच्या मिठीत बायको प्राण सोडते. संथ, दुःखी, जराही थरार नसलेला प्रसंग. थरारपटात असं कुणी सुरू करतं का? पण पुढे पोलिस एका डाकू स्त्रीला पकडतात, चेहरा हुबेहूब तोच, आणि ती म्हणते मीच तुमची बायको. आता कळतं की ते संथ मरण एवढं निवांत का दाखवलं. ते आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय ना! नवऱ्याइतकीच आपलीही खात्री आहे, म्हणून नवऱ्याइतकाच आपलाही गोंधळ. तो प्रसंग घाईनं उरकला असता तर पुढची सगळी इमारत कोसळली असती. सुरुवातीचा संथपणा म्हणजे तिथं त्या इमारतीच्या पायात भरलेले दगड आहेत.

सुरुवातीचा जोर असा मागून येतो, हे मला कर्जतच्या फलाटावर सगळ्यात स्पष्ट दिसतं. मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या कर्जतला थांबतात. पुढे घाट आहे, सदतिसास एक चढ, लोणावळ्यापर्यंत २८ किलोमीटर. म्हणून गाडीला जादा इंजिनं जोडतात. आणि ती कुठे जोडतात? मागे! बँकर म्हणतात त्यांना. धक्का मागून, चढ पुढे. प्रवासी वडापाव खात खिडकीत बसलेला असतो, त्याला वाटतं गाडी उगाच थांबली. पण ती थांबली नसती तर बोगद्यांच्या त्या रांगेत एक डबाही वर चढला नसता. पटकथेत कारवीमागचा तो हात म्हणजे बँकर. तो जोडायला पानभर थांबावं लागलं तर थांबावं.

उतरणाऱ्या गाड्यांची तऱ्हा तर आणखी विलक्षण. घाटात काही ठिकाणी मुख्य मार्गातून फुटून चढावर जाणारे आडमार्ग आहेत, कॅच सायडिंग. रूळ मुळात त्या आडमार्गाकडेच लावून ठेवलेले असतात. गाडी आधी थांबते, ब्रेक ताब्यात आहेत हे सिद्ध होतं, मगच मुख्य वाट खुली होते. सुटलेली गाडी आली तर ती आपोआप चढावर जाऊन थबकावी, ही योजना. धावता येतं हे सिद्ध करायला थांबून दाखवायचं! थरारपटाचा पहिला संथ प्रसंग प्रेक्षकाला नेमकं हेच सांगतो: बस निवांत, ब्रेक माझ्या हातात आहेत.

आता पुन्हा खिंडीत. या लढाईची हकिगत कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात आहे, शिवाजी महाराजांच्याच काळातलं काव्य. त्याची मांडणी पाहिली की थक्क व्हायला होतं. कवी ही कथा काशीच्या पंडितांना सांगतो आहे आणि ते पंडित मधे मधे प्रश्न विचारतात. मग काय झालं? त्यानं असं का केलं? म्हणजे प्रेक्षकाच्या मनात जो प्रश्न यायला हवा, तो कवीनं पात्रांच्या तोंडी देऊन ठेवला! प्रश्न आधी, उत्तर नंतर. साडेतीनशे वर्षांपूर्वी. हे काव्य अपुरंच राहिलं, ३२व्या अध्यायात थांबतं, आणि पुढचे प्रश्न विचारणारे पंडित अजून तिथंच बसलेले आहेत असं वाटत राहतं.

आणि त्यात रायबागन आहे. फौज कोंडली गेल्यावर ती खानाला स्पष्ट शब्दांत सुनावते, की सिंहाच्या रानात सैन्य आणून घातलंस ही तुझी चूक, आता शरण जा. खान ऐकतो, खंडणी देऊन, सामान टाकून जीव वाचवतो. काव्यात ती चपराक शेवटी आहे आणि तिथं ती शोभतेही. पण चित्रपटासाठी मला विचाराल तर रायबागन पहिल्या पानावर हवी. का? आपल्याला सगळं ठाऊक आहे, खानाला काहीच ठाऊक नाही. या दोन टोकांच्या मधोमध एक माणूस असं हवं ज्याला संशय येतोय. एवढ्या रानात पाखरू कसं बोलत नाही, असं तिला वाटावं. तिनं झाडीकडे बघावं. तिची नजर त्या कारवीवरून सरकत जावी, थांबावी, पुढे जावी. बोलू नये. तिला कळलं का? कळलं तर सांगेल का? सांगितलं तर तो ऐकेल का? एका नजरेतून तीन प्रश्न, आणि रांगेचं शेपूट अजून अर्धं बाहेर. बाण सुटायला आता किती पानं उरलीत हे लेखकालाच माहीत.

माझा कौल तिला. रणशिंगानं नव्हे, रायबागनच्या नजरेनं हा सिनेमा सुरू व्हावा.

तुम्हाला स्वतः पडताळून बघायचं असेल तर थंडीच्या दिवसांत कुरवंड्याहून ही वाट उतरा. माहीतगार माणूस सोबत घ्या, रमतगमत काही तास लागतात, आणि खाली खालापूर तालुक्यातल्या चावणी गावाजवळ उंबरखिंडीचं स्मारक आहे. उतरताना एकदा मधेच थांबा, मागच्यांना पुढे जाऊ द्या, आणि दोन्ही बाजूंच्या झाडीकडे मिनिटभर नुसतं बघा. पाणी भरपूर न्या.